पॉलिपचा अहवाल आणि ‘झोपलेल्या’ मूळ पेशी

प्रश्न : माझे वय ५६ असून मी कोथरूड येथे राहते. शौचातून दोन-तीनदा रक्त गेल्यामुळे मार्च महिन्यात माझी कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्यात ८ मिलिमीटरचा एक पॉलिप (अस्तरावर उगवलेली गाठ) सापडला व तो त्याच वेळी काढून टाकण्यात आला. अहवालात ‘ट्युब्युलर ॲडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेझिया’ असे लिहिले आहे. हा कर्करोग नव्हे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. परंतु मनातून ती गोष्ट जात नाही. त्यातच आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी ‘शरीरातील झोपलेल्या स्टेम सेल जागवणारी’ पावडर यजमानांच्या गळ्यात मारली आहे. तीन डबे घरात आले असून त्यांपैकी एक मी निम्मा संपवला आहे. यजमानांचा तिच्यावर फार विश्वास आहे. (ते स्वतः जेवणानंतर तंबाखू-चुना मळतात, पण तो विषय घरात काढायचा नसतो.) माझी भाची जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. ती म्हणते, “मावशी, कर्करोग सुरूच मुळी स्टेम सेलमधून होतो.” मग जी पेशी आपल्याला जगवते, तीच आपल्या मुळावर उठते असे समजायचे का? पावडर घ्यावी की नाही? आणि हे सगळे शेवटी नशीबच असेल, तर काळजी तरी कशाकशाची करायची?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या तीन प्रश्नांपैकी पावडरीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. ती आजपासून बंद करावी आणि पुढच्या भेटीत डबा डॉक्टरांना दाखवावा. मात्र ‘बंद करा’ एवढेच लिहून थांबले, तर घरातील वाद मिटणार नाही. कारण ‘झोपलेल्या पेशी जागवणे’ ही कल्पना ऐकायला इतकी चांगली वाटते की तिच्यात काय चुकते आहे, हे समजल्याशिवाय यजमान ती सोडणार नाहीत. ते समजण्यासाठी आतड्याच्या अस्तरापासूनच सुरुवात करावी लागेल. माझी नोकरीची बहुतेक वर्षे अशा अस्तरांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेली असल्यामुळे या विषयावर मी जरा लांबण लावते, हे आधीच कबूल करते.

आपल्या शरीरातील काही ऊती जन्मभर जवळजवळ त्याच पेशींवर चालतात. मेंदूतील बहुतेक पेशी अशा आहेत. काही ऊती मात्र सतत झिजतात आणि सतत नव्याने भरल्या जातात. त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो, तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकते, आणि आतड्याच्या आतील अस्तरातील बहुतेक पेशी आठवडाभरही टिकत नाहीत. म्हणजे आपण जो अहवाल हातात घेऊन बसला आहात, त्यातील पॉलिपच्या आजूबाजूच्या निरोगी अस्तराची त्या दिवशीची जवळजवळ प्रत्येक पेशी एव्हाना शौचावाटे निघून गेली आहे आणि तिच्या जागी नवी आली आहे. हे नूतनीकरण थोड्याशा मूळ पेशींच्या जिवावर चालते, ज्यांना आपण सर्रास स्टेम सेल म्हणतो. मूळ पेशी विभागली की तिच्या संततीपैकी काही मूळ पेशी म्हणूनच मागे राहतात आणि बाकीच्या पुढे जाऊन, काही वेळा विभागून, कामाच्या पेशी बनतात, काम करतात आणि मरतात.

घरातल्या विरजणाचा विचार केला, तर कर्करोगाशी या पेशींचा संबंध का येतो हे चटकन लक्षात येईल. लावलेले दही रोज संपते, पण विरजणापुरते दोन चमचे आपण बाजूला ठेवतो. वाटीतल्या दह्यात काही बिघडले, तर ती वाटी वाया जाते आणि गोष्ट तिथेच संपते. पण विरजणच बिघडले, तर त्यानंतर लावलेले प्रत्येक दही तो बिघाड घेऊन येते. पेशी विभागताना सुमारे ६०० कोटी अक्षरांचा जनुकीय मजकूर पुन्हा उतरवून काढावा लागतो, आणि तपासणी व दुरुस्तीची यंत्रणा कितीही काटेकोर असली तरी काही चुका राहून जातात. कामाच्या पेशीत राहिलेली चूक चार दिवसांत शरीराबाहेर जाते. मूळ पेशीत राहिलेली चूक साठत जाते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१६ साली माणसांच्या अशा एकेका मूळ पेशीतील चुका मोजल्या, तेव्हा त्या वर्षाला सुमारे ४० या गतीने वाढत असल्याचे आढळले. या हिशेबाने आपल्या आतड्यातील प्रत्येक मूळ पेशीत आज दोन हजारांहून अधिक चुका असतील. घाबरू नये, माझ्या पेशींत त्याहून जास्त आहेत, आणि त्यांतील बहुतेक चुका मजकुराच्या अशा भागांत असतात जिथे त्यांनी काहीच बिघडत नाही.

तेव्हा भाचीचे म्हणणे पोकळ नाही. परंतु ‘मूळ पेशी ही आपल्या मुळावर उठते’ हा आपण त्यावरून काढलेला अर्थ मला मान्य नाही, आणि त्याचे कारण मूळ पेशी कशामुळे मूळ पेशी राहते, या गोष्टीत दडलेले आहे.

मोठ्या आतड्याचे अस्तर सपाट नसते. त्यात कोटीच्या घरात सूक्ष्म आड असतात; त्यांना क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक आडाच्या तळाशी मोजक्या मूळ पेशी बसलेल्या असतात, त्यांची संतती आडाच्या भिंतीने वर सरकत जाते आणि काठाशी पोहोचून गळून पडते. तळाजवळच्या शेजारी पेशी ‘डब्ल्यूएनटी’ नावाच्या प्रथिनांच्या रूपाने एक निरोप सतत देत असतात, ज्याचा भावार्थ ‘मूळ पेशीच राहा, विभागत राहा’ असा आहे. वरच्या भागात तो निरोप क्षीण होत जातो आणि ‘आता विभागणे पुरे, कामाला लागा’ असे सांगणारे दुसरे संदेश प्रबळ होतात. आपल्याकडे मान खुर्चीला असतो, माणसाला नसतो, असे म्हणतात. आतड्यात हे अक्षरशः खरे आहे. तळाची जागा मर्यादित असल्यामुळे मूळ पेशींमध्ये तिच्यासाठी कायम रेटारेटी चालते, आणि जी पेशी रेटली जाऊन वर सरकते तिचे मूळ पेशीपण ओसरते. २०१० साली उंदरांवरील दोन स्वतंत्र अभ्यासांत दिसून आले की ही रेटारेटी बहुतांशी निव्वळ योगायोगाने ठरते आणि काही महिन्यांत एकेका आडातील सगळ्या पेशी एकाच पूर्वज पेशीच्या वंशातील होऊन बसतात. तेव्हा मूळ पेशी किती असाव्यात, कोणी विभागावे आणि कोणी थांबावे, हे ती पेशी एकटी ठरवत नाही; ते तिची जागा आणि तिचे शेजारी ठरवतात.

आपल्या पॉलिपमध्ये, म्हणजे अहवालातील ‘ॲडेनोमा’मध्ये, बहुधा हेच नियंत्रण सुटले होते. जिला शेजाऱ्यांकडून निरोप येत नाही अशा पेशीत ‘बीटा कॅटेनिन’ नावाचे प्रथिन तयार होताच मोडून टाकले जाते, आणि ते मोडणाऱ्या यंत्रणेचा एक आधारस्तंभ ‘एपीसी’ हे जनुक आहे. माणसाजवळ त्याच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीतील दोन्ही प्रती निकामी झाल्या की बीटा कॅटेनिन साठत राहते, आणि ती पेशी आडाच्या वरच्या भागात गेली, जिथे ‘विभागत राहा’ असे कोणीच म्हणत नाही, तरीही तो निरोप अखंड मिळत असल्यासारखी वागू लागते. इथे मी मुद्दाम थांबते, कारण या विषयाचा सगळा कस या वाक्यात आहे. अशा पेशीची ‘ताकद वाढली’ हे वर्णन चुकीचे होईल. ती शेजाऱ्यांचे आणि जागेचे ऐकेनाशी झाली, हे वर्णन बरोबर होईल. निरोगी आतड्यातील मूळ पेशी गतीच्या बाबतीत काही कमी नसते, उंदराच्या आतड्यात ती दिवसाला एकदा विभागते. फरक एवढाच की तिला केव्हा थांबायचे हे सांगितलेले असते आणि ती ते ऐकते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे ८० टक्क्यांत एपीसीमधील बिघाड सापडतो. हे जनुक १९९१ साली सापडले, तेही अशा कुटुंबांच्या अभ्यासातून, जिथे त्याची एक प्रत जन्मतःच सदोष असते आणि तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप येतात. आपल्याला छप्पन्नाव्या वर्षी एक पॉलिप आला आहे. हे ते प्रकरण नव्हे. हॅन्स क्लेव्हर्स यांच्या उट्रेख्ट येथील प्रयोगशाळेने २००७ साली ‘एलजीआर५’ या खुणेवरून आतड्यातील मूळ पेशी ओळखून दाखवल्या, आणि दोन वर्षांनी उंदरांत पुढचा प्रयोग केला. एपीसी जनुक मूळ पेशींतून काढले, तेव्हा काही आठवड्यांत मोठे ॲडेनोमा झाले. तेच जनुक वर सरकलेल्या, थोड्याच काळात मरणाऱ्या पेशींतून काढले, तेव्हा बारीक गाठी उगवल्या पण त्यांची वाढ खुंटली. आपली भाची जे सांगते त्याला या प्रयोगाचा आधार आहे.

तिला एक पुस्ती मात्र जोडून द्यावी. आतड्याला दीर्घकाळ सूज असली, तर कामाला लागलेली पेशीही उलट पावली मूळ पेशीच्या अवस्थेत जाऊ शकते, आणि कर्करोगाचा उगम तिथूनही होऊ शकतो, हे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय ‘कर्करोग मूळ पेशीपासून सुरू होतो’ आणि ‘कर्करोगाच्या गाठीत स्वतःच्या मूळ पेशी असतात’ ही दोन वेगळी विधाने आहेत, ज्यांची विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हमखास गल्लत झालेली मी पाहिली आहे. दुसरे विधान टोरंटोच्या जॉन डिक यांनी १९९४ साली रक्ताच्या एका तीव्र कर्करोगाबाबत पुढे आणले : रोग्याच्या असंख्य कर्कपेशींपैकी फारच थोड्या पेशी उंदरात तो रोग पुन्हा उभा करू शकत होत्या. आतड्याच्या गाठीत तीही विभागणी पक्की नसते. तिथल्या मूळ पेशी नष्ट केल्या, तर इतर पेशींतून काही त्यांच्या जागी येऊन बसतात, असे २०१७ साली उंदरांत दिसले. इथेही खुर्ची रिकामी राहत नाही.

आता आपल्या मनातली भीती. एपीसी बिघडलेली पेशी आडात जिंकतेच असे नाही. २०१३ सालच्या उंदरांवरील अभ्यासात सदोष पेशींना रेटारेटीत थोडा फायदा मिळतो हे दिसले, पण तरीही निरोगी शेजाऱ्यांनी त्यांना अनेकदा बाहेर ढकलून दिले. ती जिंकली तरी पॉलिपपर्यंतच मजल जाते, आणि पॉलिपपासून कर्करोगापर्यंत जाण्यासाठी ‘केरास’, ‘टीपी५३’ अशा आणखी जनुकांत बिघाड व्हावा लागतो. या वाटचालीला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि बहुतेक लहान पॉलिप ती कधीच पूर्ण करत नाहीत. आपल्या अहवालातील ‘लो ग्रेड’ या शब्दांचा अर्थ हाच की ती पेशी या रस्त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर होती. आणि आता ती तिथेही नाही, कारण ती काढली गेली आहे. वरवर निरोगी दिसणाऱ्या ऊतींतही असे बिघाड किती असतात, हे गेल्या काही वर्षांत नव्याने कळले आहे. उन्हाने रापलेल्या पापणीच्या त्वचेतील चतुर्थांशाहून अधिक पेशींत कर्करोगाशी संबंधित बिघाड आढळल्याचे केंब्रिज येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवले, आणि त्या पापण्यांना कर्करोग झालेला नव्हता. बिघडलेल्या पेशी सगळ्यांच्याच अंगात आहेत. त्या वर्षानुवर्षे शेजाऱ्यांच्या दाबाखाली गप्प राहतात.

पावडरीच्या डब्यावरील ‘झोपलेल्या’ या शब्दाकडे आता वळते. मूळ पेशी झोपलेल्या असतात ही गोष्ट काही ठिकाणी खरीच आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण अस्थिमज्जा आहे. टोरंटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी १९६१ साली उंदरांच्या प्लीहेतील गाठींवरून रक्ताच्या मूळ पेशींचा पहिला ठोस पुरावा दिला. आपल्या शरीरात दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात; एवढे उत्पादन करणाऱ्या कारखान्याची मूळ पेशी अहोरात्र राबत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती महिनोन्‌महिने विभागत नाही. राबणे मधल्या पिढ्यांकडे सोपवलेले असते आणि मूळ पेशी बाजूला, शांत राहते, जेणेकरून तिचा मजकूर वारंवार उतरवावा लागू नये आणि चुका कमी साठाव्यात. ही झोप म्हणजे आळस नव्हे. बियाण्याची कणगी वेगळी लिंपून ठेवतात तशी ती व्यवस्था आहे. जर्मनीतील हायडलबर्ग येथील संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या या पेशींना शरीरावर ताण आणून पुन्हा पुन्हा जागे केले, तेव्हा त्यांच्या डीएनएला इजा झाली आणि मूळ पेशींचा साठा घटला. डब्यावर जो दावा फायदा म्हणून छापला आहे, तो प्रयोगशाळेत नुकसान म्हणून नोंदला गेला आहे.

याचा अर्थ पावडरीमुळे आपल्याला काही अपाय झाला असेल, असा काढू नये. माझ्या मते ती कोणत्याच मूळ पेशीला जागवत नसावी. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय याहून अधिक सांगणे योग्य नाही. पण यजमानांना विचारण्यासारखा प्रश्न असा आहे : पावडर जर दावा करते ते करत नसेल, तर पैसे कशाचे? आणि जर खरेच करत असेल, तर नुकताच ॲडेनोमा काढलेल्या बाईच्या आतड्यात सगळ्या मूळ पेशी सरसकट जागवण्याची जबाबदारी कोण घेणार? अशा मिश्रणांत डब्यावर न छापलेले घटक असण्याची आणि त्यांचा यकृतावर परिणाम होण्याची शक्यता असते, म्हणूनच डबा डॉक्टरांना दाखवा असे मी सुरुवातीला लिहिले.

‘स्टेम सेल’ हे शब्द सध्या बाजारात फार स्वस्त झाले आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. मूळ पेशींचा सिद्ध झालेला आणि जगभर वापरात असलेला उपचार म्हणजे अस्थिमज्जेचे, म्हणजेच रक्ताच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण. त्यासाठी डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे असे मान्य प्रत्यारोपण वगळता मूळ पेशींचा इतर कोणताही वापर मंजूर चाचणीच्या बाहेर करता येत नाही. ही सावधगिरी उगाच नाही. इस्रायलमधील एका मुलाला मॉस्को येथे गर्भातील चेतापेशींच्या मूळ पेशी टोचण्यात आल्या होत्या. त्याच्या मेंदूत व मणक्यात पुढे गाठी आढळल्या आणि त्या त्याच्या स्वतःच्या नव्हे, तर दात्याच्या पेशींपासून झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. पेशी पोहोचली, पण तिला आवरणारे शेजार तिच्याबरोबर गेले नाही.

आपल्या पुण्यातच, आगरकर रस्त्यावरील आघारकर संशोधन संस्थेत (नावांच्या या घोळाची सवय पुणेकरांना आहे) हायड्रा या गोड्या पाण्यातील चिमुकल्या प्राण्यावर अनेक वर्षे काम झाले आहे. हायड्राच्या शरीरातील मूळ पेशी अखंड विभागत असतात, त्याचा तुकडा केला तरी त्यातून पूर्ण प्राणी तयार होतो आणि त्याच्यावर म्हातारपणाच्या खुणा दिसत नाहीत. डब्यावर छापण्यासाठी याहून चांगले चित्र विक्रेत्याला मिळणार नाही. परंतु जर्मनीतील कील येथील संशोधकांनी २०१४ साली या हायड्रालाही गाठी होतात असे दाखवले, आणि त्या गाठी मरायचे विसरलेल्या पेशींच्या होत्या. जिथे नूतनीकरण आहे तिथे ही जोखीम आहेच. ‘जगवणारीच मुळावर उठते’ या आपल्या वाक्याऐवजी मी एवढेच म्हणेन की झिजणारी ऊती जिवंत ठेवण्याची ही किंमत आहे, आणि शरीर ती शक्य तितकी कमी देण्याची खटपट अखंड करत असते.

नशिबाचा प्रश्न उरला. तो आपल्या मनात कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. ख्रिस्तियान तोमासेत्ती आणि बर्ट फोगेलश्टाइन या अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ साली वेगवेगळ्या ऊतींतील मूळ पेशींची आयुष्यभरातील विभाजने आणि त्या ऊतींतील कर्करोगाचे प्रमाण यांचा संबंध मांडला, आणि ऊतीऊतींमधील फरकाच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाचा उलगडा विभाजनांच्या संख्येवरून होतो, असे लिहिले. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘तीनपैकी दोन कर्करोग निव्वळ दुर्दैवाने’ असे करून टाकले, जणू पेशींचीही पत्रिका मांडलेली असते. लेखकांनी सांगितले होते ते ‘आतड्यात कर्करोग जास्त आणि हाडांत कमी का’ याबद्दल होते. ‘अमक्या बाईला का झाला’ याबद्दल नव्हते. शिवाय वर उल्लेखिलेल्या २०१६ सालच्या मोजणीत लहान आतडे, मोठे आतडे आणि यकृत या तिन्ही ठिकाणी चुका साठण्याची गती जवळजवळ सारखी आढळली, आणि तरीही लहान आतड्याचा कर्करोग मोठ्या आतड्याच्या मानाने फारच विरळा आहे. चुकांची संख्या ही गोष्टीची एक बाजू झाली. त्या चुका झालेल्या पेशीला कोणत्या परिस्थितीत राहावे लागते, ही दुसरी. योगायोगाचा वाटा मोठा आहे, हे मी लपवणार नाही, आणि त्यामुळेच ‘माझ्या हातून काय चुकले’ असा दोष स्वतःला देत बसण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत, आणि हा आकडा पहिल्या विधानाशी भांडत नाही.

टाळता येण्याजोग्या गोष्टींत आपल्या घरातील सर्वांत मोठी गोष्ट कंसात लिहिली गेली आहे. तोंडाचे अस्तर हीदेखील झपाट्याने नूतन होणारी ऊती आहे. गालात धरलेला तंबाखू-चुना तिथे एकाच वेळी दोन कामे करतो : तंबाखूतील रसायने मूळ पेशींच्या मजकुरात चुका वाढवतात, आणि रोजच्या दाहामुळे जखम भरून काढण्याचा आदेश कायमचा चालू राहतो, म्हणजे त्या चुका झालेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागल्या जातात. मूळ पेशींना सतत जागे ठेवणारा पदार्थ घरात हवाच असेल, तर तो यजमानांच्या चंचीत आधीपासून आहे. हे वाक्य आपण त्यांना वाचून दाखवावे की नाही, हे आपण ठरवावे. मात्र त्यांच्या तोंडाची तपासणी दंतवैद्याकडून करून घेण्याचे आपण मनावर घ्यावे, आणि गालात किंवा जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड उघडायला होणारा त्रास यांपैकी काही असेल तर विलंब करू नये.

आपल्या स्वतःच्या बाबतीत मुख्य गोष्ट पुढील कोलोनोस्कोपीची आहे. एक-दोन लहान, लो ग्रेड ॲडेनोमा असतील, तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०२० सालच्या शिफारशींत सात ते दहा वर्षांचे अंतर सुचवले आहे. तथापि आतडे त्या दिवशी किती स्वच्छ होते, पॉलिप पूर्ण निघाला का आणि घरात कोणाला हा आजार होता का, यांवरून आपले डॉक्टर ते अंतर कमी ठरवू शकतात. तेव्हा ‘माझी पुढची तपासणी कोणत्या वर्षी’ हे त्यांच्याकडून फाइलवर लिहून घ्यावे. त्याआधी पुन्हा रक्त दिसले, तर मूळव्याध असेल असे गृहीत धरून घरगुती उपाय करत बसू नये. आपल्याकडे मोठ्या आतड्याचे किती तरी कर्करोग मूळव्याधीच्या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहतात. अहवालाची एकेक प्रत भावंडांना आणि मुलांना द्यावी, म्हणजे त्यांच्या तपासण्या केव्हा सुरू करायच्या ते त्यांचे डॉक्टर ठरवू शकतील. आहाराबद्दल आपण विचारलेले नाही आणि ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, वजनावर लक्ष आणि रोजचे चालणे याखेरीज त्यात मला नवे काही सांगायचेही नाही.

राहिलेले दोन डबे सीलबंद असतील आणि पावती जपून ठेवली असेल, तर ते परत करून पैसे मागावेत; ते गृहस्थ सोसायटीतीलच असल्यामुळे हे बोलणे अवघड जाईल याची मला कल्पना आहे, पण डॉक्टरांनी बंद करायला सांगितले आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.